कुटुंबवैद्याच्या शिक्षणाची पारख

(व्याख्यानाचे लेखरूप)



गोमंतकातील जुन्या घरांतून एक चित्र वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. रात्री-अपरात्री कुणाला ताप भरावा, घरचा गडी कंदील घेऊन धावत जावा, आणि घटकाभराने त्याच्या मागोमाग बॅग सांभाळीत गावचा दोतोर अंगणात यावा. त्याने आजोबांची नाडी पाहावी, सुनेला दिवस कितवे ते विचारावे, धाकट्याच्या अंगावरचे पुरळ दिव्याजवळ धरून न्याहाळावे, आणि निघताना ओसरीवर चहा घेता घेता घरातील कुरबुरींचाही कानोसा घ्यावा. कोणत्या घराण्यात दमा आहे, कोणत्या घरात मधुमेह आहे, कोण आपले दुखणे लपवितो आणि कोण नसलेले दुखणे सांगतो, हे सारे त्याला मुखोद्गत असे. हा डॉक्टर घरोघरच्या दुखण्यांची ही विद्या कोठे शिकला, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नाही. तो अनुभवाने शिकला. त्या अनुभवाची किंमत मात्र त्याच्या पहिल्या काही वर्षांतील रुग्णांनी चुकती केली, ही गोष्ट त्या रम्य आठवणीत सहसा येत नाही.

आज त्याच घरांतील मुले-मुली डॉक्टर होतात, आणि बहुतेक सर्व कोणत्या ना कोणत्या एका अवयवाचे तज्ज्ञ होतात. ज्याला तशी जागा मिळाली नाही तो ‘नुसता एम.बी.बी.एस.’ म्हणविला जातो. या ‘नुसता’ शब्दात मोठा अन्याय आहे. वडिलोपार्जित घरात एकटे उरलेले वृद्ध आईबाप पाच तज्ज्ञांच्या पाच चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसतात. त्यांतील कोणती गोळी कोणत्या गोळीशी भांडते हे पाहणारा एकही माणूस नसतो. अशा वेळी उणीव असते ती कुटुंबवैद्याची. तो पुन्हा हवा असेल, तर तो कसा घडवावा आणि चांगला घडला की नाही हे कसे ओळखावे, याचा विचार करणे प्राप्त आहे. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रारंभी एक हिशेब ध्यानात घेणे इष्ट होईल. अमेरिकेतील केर व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिका व इंग्लंड येथील पाहण्यांच्या आधारे त्यांनी असे मांडले की, १,००० प्रौढ माणसे घेतली तर एका महिन्यात त्यांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे वा इजा होते. त्यांतील २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो केवळ १. चाळीस वर्षांनी, २००१ साली, अमेरिकेतच हा हिशेब पुन्हा मांडला गेला. वैद्यक किती तरी पालटले होते. पण प्रमाणे जवळजवळ तीच निघाली.

या आकड्यांत सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. डॉक्टर घडविला जातो तो त्या हजारांतल्या एकाच्या खाटेपाशी, आणि पुढे जन्मभर त्याला वागावे लागते ते त्या अडीचशे जणांशी. मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या डोकेदुखीमागे मेंदूची गाठ असण्याचा संभव पुष्कळ. गावच्या दवाखान्यात येणाऱ्या डोकेदुखीमागे अपुरी झोप, चष्म्याचा बदललेला नंबर किंवा मुलीच्या लग्नाची काळजी असण्याचा संभव त्याहून अधिक. तरीही शंभरांतील ती एक धोक्याची डोकेदुखी निसटता कामा नये. ही निवड करण्याची विद्या स्वतंत्र आहे. ती रुग्णालयाच्या वॉर्डात आपोआप येत नाही.

ही जाणीव इंग्लंडला कशी झाली, तो इतिहास उद्बोधक आहे. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि प्रत्येक नागरिकाचे नाव एका सामान्य व्यवसायी डॉक्टरच्या यादीत नोंदले जाऊ लागले. दोनच वर्षांत, १९५० साली, जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या डॉक्टरने पन्नासहून अधिक दवाखाने प्रत्यक्ष फिरून पाहिले आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला अहवाल छापला. अपुरी साधने, कोंदट जागा, रुग्णाला न तपासताच दिलेली औषधे, असे त्यात पुष्कळ निघाले. व्यवसायाला तो अहवाल फार झोंबला. पण त्या झोंबण्यातूनच १९५२ साली सामान्य व्यवसायी डॉक्टरांचे स्वतःचे कॉलेज स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम पिकल्स हे यॉर्कशायरमधील वेन्स्लीडेल खोऱ्यातील खेडुतांचे डॉक्टर होते. कोण कुणाला कोणत्या दिवशी भेटला याच्या बारीक नोंदी ठेवून त्यांनी साथीची कावीळ अंगात किती दिवस दडून राहते याचा माग काढला होता. जे मोठ्या रुग्णालयाला दिसू शकले नाही ते खेड्यातल्या वहीला दिसले. सामान्य व्यवसाय हेही एक शास्त्र आहे, याची ती खूणच होती.

पुढे लॉर्ड टॉड यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९६८ साली स्पष्ट सांगितले की, इतर शाखांप्रमाणे सामान्य व्यवसायालाही पदवीनंतरचे खास प्रशिक्षण पाहिजे. १९७६ साली तसा कायदा झाला आणि १९८२ पासून तीन वर्षांचे प्रशिक्षण पुरे केल्यावाचून त्या सेवेत स्वतंत्र व्यवसायी होता येईनासे झाले. त्या तीन वर्षांपैकी साधारणतः दोन वर्षे रुग्णालयात जात आणि एक वर्ष अनुभवी डॉक्टरच्या दवाखान्यात, त्याच्या शेजारच्या खोलीत बसून. आठवड्यातून अर्धा वा पूर्ण दिवस सर्व प्रशिक्षणार्थी एकत्र जमून आपापले अवघड रुग्ण चर्चेला घेत.

या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, तपासणी केवळ शिष्याची होत नसे, गुरूचीही होई. ज्याला प्रशिक्षक व्हायचे त्याच्या दवाखान्यात पाहणी करणारे डॉक्टर जात. रुग्णांची टिपणे वाचता येण्याजोगी आहेत का, दवाखान्यात पुस्तके आहेत का, शिकविण्यासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ राखून ठेवला आहे का, हे पाहून मान्यता मिळे. तीही कायमची नसे, ठरावीक काळाने पुन्हा पाहणी होई. आपले जुने टिपण परक्यापुढे उघडे करणे ज्येष्ठ डॉक्टरला सोपे गेले नसेल. पण त्यामुळे दवाखाने सुधारले आणि त्याचा लाभ प्रशिक्षणार्थी नसलेल्या दिवशीही रुग्णांना झाला.

दोष नव्हते असे नाही. रुग्णालयातील त्या दोन वर्षांत प्रशिक्षणार्थी म्हणजे कामाला मिळालेले हातांचे एक जोड, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. वॉर्ड चालला पाहिजे, मग शिकणे होवो वा न होवो. अखेर इंग्लंडने हे प्रमाणच उलटे केले. अलीकडच्या सुधारणेनुसार तीन वर्षांपैकी दोन वर्षे दवाखान्यात आणि एक वर्ष रुग्णालयात, अशी रचना तेथे स्वीकारण्यात आली. केर व्हाइट यांच्या हिशेबाला दिलेला हा उशिराचा पण योग्य मान म्हणावा लागेल.

अमेरिकेची वाट थोडी निराळी. तेथे १९६९ साली कुटुंबवैद्यकाला विसावी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली आणि ज्याला रेसिडेन्सी म्हणतात ते तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण सुरू झाले. या शाखेने आरंभापासून एक कडक नियम स्वतःवर घालून घेतला. प्रमाणपत्र जन्मभराचे नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा. जुन्याजाणत्यांनाही त्यातून सूट दिली नाही. प्रशिक्षणार्थीला पहिल्या वर्षापासून स्वतःची काही कुटुंबे नेमून दिली जातात आणि तीन वर्षे तीच माणसे तो पुनःपुन्हा पाहतो. गरोदर म्हणून पहिल्याने आलेली बाई, तिचे बाळ, बाळाच्या लसी आणि त्याच घरातील आजीचा रक्तदाब, असा संसार त्याच्यासमोर उलगडत जातो. रोगाचा आरंभ, मध्य आणि शेवट एकाच डोळ्यांनी पाहणे ही कुटुंबवैद्याची खरी शाळा होय.

या शाळेचे मोजमाप कसे करावे, याविषयी तेथेही मतभेद झाले. पुष्कळ वर्षे असा दंडक होता की, तीन वर्षांत प्रशिक्षणार्थीने दवाखान्यात किमान १,६५० रुग्णभेटी पुऱ्या केल्या पाहिजेत. २०२३ साली हा आकडा काढून त्याच्या जागी दवाखान्यातील १,००० तासांचा नियम आला. भेटी मोजल्या की घाईने संख्या भरण्याकडे कल जातो. तास मोजले तरी नुसते बसून राहण्याचा धोका उरतोच. आकडा हा कुंपणासारखा आहे. कुंपण गुरांना आवरते, पण पीक उगवीत नाही.

मग पीक कशाने ओळखावे? या बाबतीत अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन या विद्वानाने १९६६ साली वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेविषयी केलेली त्रिविध मांडणी उपयोगी पडते: साधने, कार्यपद्धती आणि फल. महाजन मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. देवस्थानाची पारख करताना सभामंडपाची फरशी आणि समयांची संख्या पाहता येते. नित्यपूजा, नैवेद्य, पालखी वेळेवर आणि रीतसर होते की नाही हे पाहता येते. आणि दूरवरून आलेला कुळावी समाधानाने परतला की नाही हेही पाहता येते. पहिली गोष्ट मोजायला सोपी, तिसरी सर्वांत कठीण. पण देवस्थान असते ते तिसरीसाठीच.

प्रशिक्षणाच्या बाबतीत साधने म्हणजे खाटा, यंत्रे, ग्रंथालय, अध्यापकांची संख्या. मान्यता देणाऱ्या मंडळांचे बहुतेक अर्ज याच रकान्यांनी भरलेले असतात. कार्यपद्धती म्हणजे शिकविणे प्रत्यक्ष कसे चालते. वरिष्ठ डॉक्टर शिष्याच्या शेजारी बसून त्याचे रुग्णाशी चाललेले बोलणे ऐकतो का? टिपणांच्या ढिगातून सहज हाती आलेले एखादे टिपण उचलून ‘येथे हे औषध का दिले?’ असे विचारतो का? शिष्याला ‘हे मला समजत नाही’ असे म्हणण्याची मुभा आहे का? मूळचे हंगेरीचे असलेले मनोवैद्य मायकेल बालिंट यांनी १९५० च्या सुमारास लंडनमध्ये सामान्य व्यवसायी डॉक्टरांची लहान मंडळे भरविली. तेथे डॉक्टर आपल्या नकोशा वाटणाऱ्या रुग्णांविषयी मोकळेपणाने बोलत. डॉक्टर स्वतःच एक औषध आहे आणि त्याचीही मात्रा चुकू शकते, हा त्यांचा विचार आजही अशा प्रशिक्षणाचा कणा मानला जातो.

तिसरी गोष्ट फल. येथे बहुतेक जण परीक्षेच्या निकालाकडे बोट दाखवितात. परीक्षा पाहिजेच. इंग्लंडमध्ये १९९८ पासून प्रशिक्षणाअखेरची कसोटी सक्तीची झाली आणि तिच्यात लेखी परीक्षेबरोबर रुग्णाशी झालेल्या संभाषणाचे चित्रीकरण, स्वतःच्या कामाचे ऑडिट आणि प्रशिक्षकाचा अहवाल यांचा समावेश झाला. २००७ साली नवी परीक्षा आली. तिच्या एका भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटांपुढे उमेदवाराने आपले कौशल्य दाखवावयाचे असे. या भागात भारत व इतर देशांतून शिकून आलेले, तसेच इंग्लंडातच शिकलेले पण आशियाई वा आफ्रिकी वंशाचे उमेदवार इतरांपेक्षा फार अधिक प्रमाणात नापास होऊ लागले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. २०१४ साली न्यायालयाने परीक्षा कायद्याला धरून असल्याचा निर्णय दिला. पण निकालाने प्रश्न मिटला नाही. ज्या सेवेतील खाणकामगारांच्या वस्त्या आणि शहरांतील गरीब भाग भारतीय डॉक्टरांनी दशकानुदशके सांभाळले, त्याच सेवेत नवे भारतीय डॉक्टर बोलण्याच्या परीक्षेत अडखळतात, तर तीन वर्षे त्यांना शिकविणाऱ्यांनी ही उणीव केव्हा पाहिली आणि तीवर काय केले? एक विद्यार्थी नापास झाला तर दोष त्याचा असू शकेल. एकाच प्रकारचे विद्यार्थी वर्षानुवर्षे नापास होत असतील, तर उत्तरपत्रिका शाळेचीही तपासली पाहिजे.

परीक्षेच्याही पलीकडे खरे फल आहे, ते म्हणजे पुढील रुग्णांचे बरेवाईट. ते मोजण्याचा एक धाडसी प्रयत्न अमेरिकेत प्रसूतिशास्त्राच्या क्षेत्रात झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन राज्यांतील सुमारे ४९ लाख बाळंतपणे आणि १०७ प्रशिक्षण केंद्रे यांचा विचार झाला. ज्या केंद्रांतून शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून सर्वांत कमी गुंतागुंती झाल्या, त्यांच्याकडील बायकांत हे प्रमाण १०.३ टक्के होते. सर्वांत खालच्या गटातील केंद्रांतून आलेल्यांकडे ते १३.६ टक्के होते. डॉक्टरांचे परवाना-परीक्षेतील गुण जमेस धरूनही हा फरक फारसा घटला नाही. शाळेचा ठसा गुणपत्रिकेवर उमटत नाही असा असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षे रुग्णांच्या अंगावर उमटत राहतो.

कुटुंबवैद्य आणि फिजिशियन यांच्यासंबंधी २०१४ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या प्रदेशांत उपचारांवर अधिक खर्च करण्याची रीत होती तेथे शिकलेले डॉक्टर पुढे दुसरीकडे गेले तरी रुग्णांवर अधिक खर्च करीत. हा फरक आरंभीच्या वर्षांत ठळक होता आणि पंधरा-सोळा वर्षांनी मावळला. तरुणपणी पाहिलेली रीत हाताला लागते ती अशी.

तरीही कुटुंबवैद्याच्या कामाचे सगळे फळ असे मोजता येणार नाही. जो झटका आलाच नाही, जे ऑपरेशन करावे लागलेच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत होणार? नॉर्वे देशात मात्र प्रत्येकाच्या नावावर एक नेमलेला डॉक्टर असल्यामुळे एक मोठा पुरावा हाती आला. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना रात्री-अपरात्री तातडीची मदत घेण्याची, अकस्मात रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यू येण्याची शक्यता, एकच वर्ष झालेल्यांच्या मानाने सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी कमी होती. जुन्या घरातील वडीलधारी मंडळी दोतोराविषयी जे भाबडेपणाने सांगत, त्याला आकड्यांचा आधार असा मिळाला. म्हणून प्रशिक्षण पारखताना हाही प्रश्न विचारावा लागेल की, तेथून बाहेर पडलेले डॉक्टर एका जागी टिकून राहतात काय?

आता आपल्या देशाकडे वळू. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने समाजाभिमुख अशा मूलभूत डॉक्टरची कल्पना मांडली होती. गोमंतकात तर त्याआधी शतकभर, १८४२ पासून, पणजीची वैद्यकशाळा डॉक्टर घडवीत होती, आणि तेथील पदवीधर गोव्याच्या खेड्यांपासून आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींपर्यंत पोहोचले होते. १९६३ साली तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. परंतु पदवीनंतर सामान्य व्यवसायाचे रीतसर शिक्षण देण्याची गोष्ट देशभर मागे पडली. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने कुटुंबवैद्यकाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालविला, कालिकतच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाची एम.डी. सुरू झाली, २००२ आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांनी या शाखेची गरज नमूद केली. पावले योग्य दिशेने पडली, पण ती मोजकी आहेत. शिवाय आपल्याकडील हे शिक्षण बहुतांशी रुग्णालयांत चालते. विद्यार्थी एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरतो. प्रत्येक विभागात तो पाहुणा असतो आणि यजमान दुसऱ्या शाखेचा असतो. घरच्या माणसांशी नाते जोडण्याची विद्या पाहुण्याला कोण शिकविणार?

यास्तव ज्या घरातील मुलगा वा मुलगी ही शाखा निवडील त्या घराने, आणि ज्या संस्था वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्ती वा देणग्या देतात त्यांनी, केंद्राची इमारत पाहून परत फिरू नये. पाच प्रश्न विचारावेत. पहिला, तीन वर्षांपैकी किती महिने खऱ्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जातात? दुसरा, शिकविणाऱ्यांत स्वतः सामान्य व्यवसाय केलेले किती आहेत? तिसरा, विद्यार्थ्याला स्वतःची म्हणावीत अशी कुटुंबे मिळतात काय, आणि ती तो अखेरपर्यंत पाहतो काय? चौथा, त्याच्या रुग्णतपासणीच्या वेळी शेजारी बसून पाहणारा आणि नंतर त्याच्याशी बोलणारा कुणी आहे काय? पाचवा, येथून गेलेले विद्यार्थी पाच वर्षांनी काय करीत आहेत: दवाखाना चालवीत आहेत, की दुसऱ्या शाखेच्या प्रवेश परीक्षेची तयारी? या प्रश्नांची सरळ उत्तरे जे केंद्र देईल, त्याच्या खाटा कमी असल्या तरी ते चांगले समजावे. जे केंद्र यंत्रांची यादी पुढे करील, तेथे आणखी एकदा विचार करावा.

समाजाकडेही एक कर्तव्य उरते. शिकाऊ डॉक्टरला घरात येऊ देणे, त्याचे प्रश्न कंटाळा न करता ऐकणे आणि घरातील मुलीने कुटुंबवैद्य होण्याचे ठरविले तर ‘नुसती’ हा शब्द तोंडातून न काढणे, हे प्रत्येक घराला करता येईल. गुरू, दवाखाना आणि अभ्यासक्रम यांची तजवीज सरकार व विद्यापीठे करू शकतील. प्रतिष्ठा मात्र ओसरीवरूनच द्यावी लागते. कंदील घेऊन धावणारा गडी आता नाही, त्याची गरजही नाही. पण दार उघडल्यावर आत येणारा डॉक्टर घर ओळखणारा असावा, आणि ही ओळख पहिल्या रुग्णांच्या जिवावर न शिकता चांगल्या गुरूच्या शेजारी बसून शिकलेला असावा, एवढी अपेक्षा प्रत्येक घराने धरणे सर्वस्वी रास्त आहे.